मार्केट यार्डामागचं मामांचं हॉटेल : ड्राफ्ट बघायला सांगलीत याच्यासारखी जागा नाही

सांगलीत एनएफएलचा ड्राफ्ट चार लोकांबरोबर बसून बघायचा असेल तर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला मामांचं हॉटेल आहे तिथं जावा, बाकी कुठं शोधत बसू नका. एनएफएल म्हणजे अमेरिकेतला तो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं तिथल्या ३२ टीम नंबरानं निवडून घेतात तो एप्रिलमधला कार्यक्रम. सांगलीत याचं वेड असलेली माणसं आहेत का, तर आहेत, थोडी आहेत पण पक्की आहेत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकून तिकडं एमएस करून परत आलेली, कुणाचा भाऊ तिकडं म्हणून नाद लागलेली, आणि आता तर यार्डातले हमाल पण यात आलेत. या सगळ्यांना एकत्र बसायला जागा नव्हती ती मामांनी दिली, त्यामुळं रिव्ह्यू जरा लांबणार आहे, निवांत वाचा.

पहिली अडचण वेळेची असते. तिकडं गुरुवारी रात्री ८ ला चालू होतं म्हणजे आपल्याकडं शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरा दिवस शनिवारी पहाटे साडेचार, आणि तिसरा शनिवारी रात्री साडेनऊला. विश्रामबागेतले कॅफे सकाळी दहाशिवाय दार उघडत नाहीत आणि घरात पहाटे साडेपाचला ओरडाओरडी केली तर काय होतं ते ज्याचं त्याला माहीत आहे. मामांचं शटर मात्र पहाटे चारलाच वर असतं कारण एप्रिल म्हणजे हळदीचा सीझन, रात्रभर कर्नाटकातनं मराठवाड्यातनं गाड्या येत असतात, ड्रायव्हर, हमाल, तोलाईवाले सगळ्यांना चहा तिथंच. त्यामुळं आपण पाचला गेलो तरी हॉटेल निम्मं भरलेलं असतं, गॅसवर दूध उकळत असतं आणि अंगावर हळदीची पिवळी पूड घेऊन माणसं बाकड्यावर बसलेली असतात. ड्राफ्ट बघायला अशी जिवंत जागा मला तरी दुसरी मिळाली नाही.

खाण्याचं आधी सांगून टाकतो. साडेपाचला फक्त चहा, खारी आणि उप्पीट. उप्पीट चांगलं असतं, मोकळं, वर शेंगदाणे आणि कच्चा कांदा, लिंबाची फोड मागितली की देतात. मिसळ सातला तयार होते आणि ती खरंच सांगण्यासारखी आहे. कट पातळ पण चवीला जोरदार, नुसता तिखटाचा मारा नाही, मसाला घरी भाजलेला आहे हे पहिल्या घोटात कळतं. खाली बटाट्याची सुकी भाजी, त्यावर मटकी, मग फरसाण, आणि बरोबर स्लाइस. जादा कटाचे पैसे घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री मिसळ नसते, भडंग असतं, ते मामा ताजं परतून देतात आणि लसणाचे तुकडे करकरीत तळलेले असतात. चहा गोड आहे, कमी साखर पाहिजे असेल तर आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही. एकंदर ६०-७० रुपयात पोट भरतं.

टीव्ही गल्ल्याच्या वर भिंतीला आहे, ३२ इंची असावा, मॅचसाठी बसवलेला. आपला लॅपटॉप जोडायचा आणि बघायचं. ज्या ॲपवर आम्ही बघतो ते अधनंमधनं अडकतं, नेमकं पिक, म्हणजे टीमनं निवडलेलं नाव, जाहीर व्हायच्या वेळी गोल चक्र फिरायला लागतं, त्यात मामांचा काही दोष नाही, पण मोबाईलचं हॉटस्पॉट दोघांनी चालू ठेवा. साडेसात वाजून गेले की दारातनं ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि काही दिसत नाही, मामांना सांगितलं की ते पोत्याचा पडदा सोडतात. आवाजाचं मात्र जमवून घ्यायला लागतं, बाहेर ट्रक रिव्हर्स घेत असतात.

हे झालं हॉटेलचं. पण मी तिथं जायला सांगतोय ते मिसळीसाठी नाही, मिसळ सांगलीत बऱ्याच ठिकाणी चांगली मिळते. तिथं जायचं ते वादासाठी. ड्राफ्टच्या आधीचे दोन महिने म्हणजे नुसता वाद असतो, हा पोरगा पहिल्या दहात जाणार, तो दुसऱ्या राउंडला पडणार, याचे हात मोठे, त्याचे पाय हळू. आणि आपण सगळे तेच तेच व्हिडिओ बघून तेच तेच बोलत असतो. मामांच्या हॉटेलात तसं चालत नाही कारण तिथं ज्यांनी एकपण व्हिडिओ बघितलेला नाही अशी माणसं समोर बसून प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न असे असतात की नीट विचार केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तात्या म्हणून तिथं एक जुने हमाल बसतात, सगळे तात्याच म्हणतात. त्यांना मी ड्राफ्ट समजावून सांगत होतो, की जी टीम मागच्या वर्षी सगळ्यात जास्त हरली तिला पहिला नंबर, सुपर बोल म्हणजे तिकडची फायनल जिंकणारी शेवटी, असे सात राउंड. तात्यांनी लगेच विचारलं, "मग ती मुद्दाम हरत नसेल का रं?" यावर तिकडं वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. मग दुसरा प्रश्न, "आणि पोराला कोण इचारतं का, तुला कुठं जायाचंय म्हणून?" नाही विचारत. ज्यानं नाव पुकारलं त्याच्याकडं जायचं. २००४ ला ईली मॅनिंगनं आधीच सांगितलं होतं मी सॅन डिएगोला खेळणार नाही, तरी तिथल्या चार्जर्सनी त्याला पहिल्या नंबरला घेतला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकला, बदल्यात फिलिप रिव्हर्स आणि वर पिक घेतले. ईलीनं पुढं जायंट्सना दोन सुपर बोल जिंकून दिले. तात्यांचं म्हणणं पडलं की पोरगं बरोबर होतं, माझ्या मित्राचं म्हणणं पडलं की असं सगळे करायला लागले तर हरणाऱ्या टीमनं उठायचं कधी. हा वाद अर्धा तास चालला आणि टीव्हीवर तीन पिक होऊन गेले ते कुणी बघितले नाहीत.

पैशाचा विषय तर यार्डातल्या माणसांना लगेच कळतो. प्रो कबड्डीचा लिलाव तिथं सगळ्यांना तोंडपाठ आहे, २०१४ ला लीग चालू झाली तेव्हा आपल्या सांगली जिल्ह्यातले काशिलिंग आडके आणि नितीन मदने टीव्हीवर दिसायला लागले तेव्हापासून. लिलावात ज्याच्या खिशात जास्त तो माल उचलतो. ड्राफ्टमध्ये तसं नाही, कितव्या नंबरला गेला त्यावर पगाराचा अंदाज आधीच ठरलेला असतो. आधी असं नव्हतं. २०१० ला सॅम ब्रॅडफर्ड पहिल्या नंबरला गेला तर त्याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलरचं काँट्रॅक्ट, त्यातले ५ कोटी पक्के, एकपण मॅच खेळायच्या आधी. २०११ ला लीग आणि खेळाडूंमधला करार बदलला आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. एका वर्षात एवढा फरक. मामांनी हे ऐकून विचारलं की मग चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, मिळाला तर टीमचे चार वर्षं पैसे वाचतात म्हणजे, आणि त्या पैशात बाकीची टीम उभी करायची. हो मामा, तेच सगळं गणित आहे, आणि म्हणूनच सगळे क्वार्टरबॅकच्या मागं असे लागतात. २०२४ ला पहिल्या १२ पिकमध्ये ६ क्वार्टरबॅक गेले ते उगीच नाही. अटलांटानं तर मार्चमध्ये कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरला मायकल पेनिक्स हा अजून एक क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा हॉटेलात आमचा निम्मा ग्रुप उभाच राहिला होता.

आता कंबाइनचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला सगळ्या पोरांना बोलावून पळवतात, उड्या मारायला लावतात, १०२ किलोचा बार छातीवरनं किती वेळा उचलतोय बघतात, हाताचा पंजा सुद्धा मोजतात. सगळ्यात गाजतं ते ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटरची पळापळ. २०२४ ला टेक्सासचा झेवियर वर्दी ४.२१ सेकंदात पळाला आणि रेकॉर्ड केलं. आमच्यातला एकजण मोबाईलवर तीच क्लिप परत परत लावत होता आणि म्हणत होता हा टॉप दहात पाहिजे. तात्यांनी एकदा बघितली, चहा संपवला आणि म्हणाले, "सौद्याला ढीग वरनं बघून भाव निघत नाही पोरा. व्यापारी हळकुंड उचलतो, कट्‌दिशी मोडतो आणि आतला रंग बघतो. ह्याला मोडून कोण बघितलंय?"

तात्यांचं हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक प्रॉस्पेक्टला, म्हणजे ड्राफ्टला उभ्या पोराला, लावून बघतो. मोडून बघणं म्हणजे मॅचचा व्हिडिओ, आणि त्यातले पण ठरावीक प्रसंग. थर्ड डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न आहे, सात-आठ यार्ड पुढं जायला पाहिजेत, समोरनं दोन धटिंगण अंगावर येतायत, अशा वेळी पोरगा बॉल कुठं टाकतो. सोप्या मॅचमधले टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेऊन मिळवलेले गुण, बघून काही कळत नाही. वर्दीच्या आधीचं ४.२२ चं रेकॉर्ड जॉन रॉसचं होतं, २०१७ चं. सिनसिनाटीनं त्याला नवव्या नंबरला घेतला, आणि त्याचं करिअर काही उभं राहिलं नाही. त्याच ड्राफ्टला दहाव्या नंबरला कोण गेला तर पॅट्रिक महोम्स. कॅन्सस सिटीनं बफेलोशी अदलाबदल करून २७ वरनं १० वर उडी मारली त्याच्यासाठी. त्या वेळी महोम्सबद्दल काय काय बोलत होते, टेक्सास टेक कॉलेजच्या सिस्टीममुळं चांगला दिसतो, शिस्त नाही, वाट्टेल तिथनं फेकतो. ज्यांनी त्याला अंगावर माणूस आलेला असताना फेकताना नीट बघितलं होतं त्यांना तो कळला होता. वर्दी शेवटी २८ ला गेला, आणि तो पण कॅन्सस सिटीलाच, आणि तो नंबर पण बफेलोकडनंच घेतलेला. हा योगायोग तात्यांना सांगितला तर त्यांनी बफेलोच्या लोकांबद्दल खरंच हळहळ व्यक्त केली.

आणि आता वही. हे त्या हॉटेलात दुसऱ्या कुठं नसलेलं काम आहे.

मामांची उधारीची लांबडी लाल वही असते गल्ल्यात, दोऱ्यानं बांधलेली. तिच्या मागच्या बाजूनं ड्राफ्टची पानं चालू होतात. ज्याला बोलायचंय त्यानं पहिल्या पिकच्या आधी मामांना आपली पाच नावं नंबरानं सांगायची आणि त्याच्याखाली एक नाव असं की जो खाली घसरेल पण चांगला निघेल. मामा स्वतः लिहितात, बॉलपेननं, जसं ऐकू येईल तसं, त्यामुळं वहीत "जेडन डॅनेल" आणि "डेक मे" अशी नावं आहेत. खाली सही करायची. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, एकानं मोबाईलवर बातमी बघून नाव बदला म्हटलं तर मामांनी सरळ वही मिटली. आणि दुसरा नियम जो मला सगळ्यात पटतो तो असा की पानाचा निकाल तीन सीझन झाल्याशिवाय लावायचा नाही. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडं टीमना ए, बी, सी ग्रेड देतात, मामा म्हणतात कबड्डीत पोरगं घेतल्यावर दोन-तीन वर्षं मातीत पडू दे, मग बोला. बरोबर आहे. मॅटवर एक सीझन चमकलेला रेडर पुढच्या सीझनला सगळ्यांना कळलेला असतो, त्यानंतर तो काय करतो तिथं खरं कळतं. फुटबॉलला पण हेच लागू आहे.

२०२२ चं पान एप्रिल २०२५ ला उघडलं. त्या वर्षी सगळ्यात शेवटचा पिक, २६२ वा, आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी, कुणाच्याच यादीत नव्हता, आणि तो २०२३ च्या सीझनला सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलला घेऊन गेला, ओव्हरटाइमला २५-२२ नं हरले ते. तिथं बसलेल्या एका शाळेच्या पीटीच्या सरांनी विचारलं की २६१ पोरं त्याच्या पुढं गेली तर एवढे पोरं हेरणारे स्काउट काय बघत होते. यावर आमच्याकडं एकच उत्तर नव्हतं, उंची कमी, हात साधारण, सगळं साधारण. पण चार वर्षं कॉलेजला खेळलेला, मॅच भरपूर बघितलेल्या. सर म्हणाले की तालुक्याच्या सिलेक्शनला पण असंच होतं, ज्याचं एकपण माप डोळ्यात भरत नाही तो घरी जातो. सरांनी हे ज्या पद्धतीनं सांगितलं त्यावरनं त्यांच्या डोळ्यासमोर कोणतरी पोरगं होतं हे कळत होतं.

२०२४ चं पान अजून बंद आहे, एप्रिल २०२७ ला उघडणार, आणि त्यावरचा वाद अजून रोज चालू आहे. शिकागो केलेब विल्यम्सला पहिल्या नंबरला घेणार हे सगळ्यांना माहीत होतं, भांडण दुसऱ्या-तिसऱ्याचं होतं. एलएसयू कॉलेजचा जेडन डॅनियल्स का नॉर्थ कॅरोलायनाचा ड्रेक मे. ओहायोला शिकून आलेला आमचा मित्र डॅनियल्सवाला, म्हणत होता हाइजमन, म्हणजे कॉलेजातल्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस, जिंकलाय, बॉल घेऊन पळतो पण, फेकतो पण, अजून काय पाहिजे. मी मेचा माणूस. डॅनियल्स चांगला होताच पण अंग बारीक आणि पळताना मार चुकवत नाही, एनएफएलला असं किती दिवस चालणार ही माझी काळजी होती, आणि मेचा हात बघितला की वाटायचं याला फक्त एक चांगला कोच द्या. वॉशिंग्टननं दुसऱ्याला डॅनियल्स घेतला, न्यू इंग्लंडनं तिसऱ्याला मे. पहिल्या वर्षी डॅनियल्सनं धुमाकूळ घातला, आदल्या वर्षी ४ जिंकून १३ हरलेली टीम १२-५, थेट कॉन्फरन्सच्या फायनलला म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या मॅचला, नव्या पोरांतला रुकी ऑफ द इयर पण तोच. मित्र रोज सकाळी चहाला येऊन मामांना म्हणायचा वही उघडा, आणि मामा म्हणायचे तीन सीझन. मग २०२५ चा सीझन आला, डॅनियल्सच्या कोपराला लागलं आणि त्याचा बराचसा सीझन गेला, आणि मेनं न्यू इंग्लंड पेट्रियट्सना १४-३ वर नेऊन थेट सुपर बोल गाठला. तेव्हा मी सुद्धा वही उघडा म्हणालो नाही कारण नियम तो नियम, डॅनियल्स बरा होऊन परत येणार आहे आणि माझी मनापासून इच्छा आहे की तो धडधाकट यावा, अशा पोराचा खेळ दुखापतीनं थांबू नये.

दुसरा जो मोठा वाद तिथं बघितला तो २०२५ चा, शेडूर सँडर्सचा. बाप डिऑन सँडर्स, हॉल ऑफ फेममधला मोठा खेळाडू, स्वतः १९८९ ला पाचव्या नंबरला गेलेला, आणि कॉलेजला पोराचा कोच पण तोच. शेडूरनं कोलोरॅडोला शेवटच्या वर्षी ७४ टक्के पास पूर्ण केले, ३७ टचडाउन. बरेच जण म्हणत होते पहिल्या राउंडला नक्की. आमच्यातले दोघं वहीत त्याला पहिल्या पाचात लिहून बसलेले. शुक्रवारी सकाळी टेनेसीनं कॅम वॉर्ड घेतला, जॅक्सनव्हिलनं वर चढून ट्रॅव्हिस हंटर घेतला जो शेडूरचाच टीममेट आणि दोन्हीकडनं खेळायचा, रिसीव्हर म्हणजे बॉल झेलणारा पण आणि कॉर्नरबॅक म्हणजे झेलणाऱ्याला अडवणारा पण. हंटरवर मामा फारच खूश झाले, रेड पण करतो आणि पकड पण करतो म्हणजे हाच खरा खेळाडू असं त्यांचं मत, ते आजपण बदललेलं नाही. पण शेडूर काही गेला नाही. पहिला राउंड संपला, मिसळ खाऊन झाली, लोक कामाला गेले. शनिवारी पहाटे परत सगळे हजर, दुसरा राउंड गेला, तिसरा गेला, त्यात क्लीव्हलँडनं ९४ व्या नंबरला दुसराच क्वार्टरबॅक घेतला, डिलन गॅब्रिएल.

त्या सकाळी जे बोलणं झालं तसं बोलणं मी कुठल्या टीव्हीवरच्या पॅनेलमध्ये ऐकलं नाही. एक बाजू म्हणत होती बॉल फार वेळ हातात धरतो, सॅक फार घेतो म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला जातो, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, यात बापाचा काय संबंध. दुसरी बाजू म्हणत होती की एवढंच असतं तर दुसऱ्या राउंडला गेला असता, हा काहीतरी वेगळा राग आहे, इंटरव्ह्यूत कुणाला तरी वागणं आवडलं नसणार. तिसरं वालचंदच्या एका मुलीनं मांडलं आणि मला तेच सगळ्यात बरोबर वाटलं, ती म्हणाली की स्टार्टर म्हणून घेणार नसाल तर एवढी प्रसिद्धी मागं लागलेला बॅकअप कुठल्याच कोचला नको असतो, म्हणून तो पहिल्या राउंडचा नाही तर एकदम पाचव्याचा होतो, मधली जागाच नाही त्याला. मामा गल्ल्यावरनं म्हणाले, "बापाचं नाव मोठं असलं की पोराला दार लवकर उघडतं, पण आत गेल्यावर समदी बापाचाच हिशोब मागत्यात." शनिवारी रात्री मामांनी एरवी आठला बंद होणारं हॉटेल अर्धं शटर ओढून आमच्यासाठी चालू ठेवलं, भडंग केलं, आणि रात्री उशिरा १४४ वा पिक आला, क्लीव्हलँड, शेडूर सँडर्स. ज्या दोघांनी त्याला पाचात लिहिलेलं तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडले. त्याच सीझनच्या शेवटी शेवटी तो स्टार्टर म्हणून खेळला सुद्धा. पान २०२८ ला उघडेल.

तक्रारी पण लिहितो कारण रिव्ह्यू आहे. हॉटेलला टॉयलेट नाही, यार्डातलं वापरायला लागतं आणि ते पहाटे पोरींनी जाण्यासारखं नाही. ग्रुपमध्ये मुली वाढतायत, चार-चार तास बसायचं असतं, मामांनी आणि यार्डानं याच्याकडं लक्ष द्यायलाच पाहिजे, हा बारीक विषय नाही. दारात उभं राहून सिगरेट ओढणारे असतात आणि धूर आत येतो, सांगितलं की बाजूला होतात पण दरवेळी सांगायला लागतं. बाकडी अरुंद आहेत, पाठीला टेकायला काही नाही, तिसऱ्या तासाला जाणवतं. आणि सातनंतर नाष्ट्याची गर्दी झाली की आपण बाकडी अडवून बसणं बरोबर नाही, हमालांचा तो कामाचा वेळ आहे, त्यांना आधी जागा द्या, मामा स्वतः काही बोलणार नाहीत पण आपल्याला कळायला पाहिजे. एका चहावर चार तास बसणारे पण बघितलेत, असं करू नका.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा टॉयलेटचा कापला.

२०२६ चा ड्राफ्ट पिट्सबर्गला आहे, २३ ते २५ एप्रिलला, म्हणजे आपल्याकडं शुक्रवार २४ तारीख, पहाटे साडेपाच. इंडियानाचा हाइजमनवाला फर्नांडो मेंडोझा सगळ्यांच्या यादीत वरच आहे, तात्यांनी आत्तापासनंच "मोडून बघितलाय का" म्हणून विचारायला चालू केलंय, त्यामुळं त्याच्या अवघड मॅच बघून या, हायलाइट बघून येऊ नका. वहीत नाव घालायचं असेल तर पाच वाजेपर्यंत पोचा, पाच वीसनंतर मामा वही गल्ल्यात ठेवतात आणि मग कुणाचं ऐकत नाहीत. गाडी यार्डाच्या मेन गेटला लावू नका, ट्रक वळायला जागा लागते, मागच्या बोळात लावा. आणि कुणाकडं लांब एचडीएमआय केबल असेल तर प्लीज घेऊन या, तिथली टीव्हीपासनं गल्ल्यापर्यंतच पुरते आणि मग लॅपटॉप मामांच्या बरण्यांवर ठेवायला लागतो.